काकूंना काहीच कसे होत नाही

मित्रांनो, गाडी म्हटले की तुम्हाला इंजिन आठवत असेल, हॉर्न आठवत असेल. माझ्याकडे यातले काही नाही. मी एक जुनी जेवणाची गाडी आहे. चार चाके, तीन फळ्या, आणि कुणी ढकलले तरच चालणारी. माझी सगळी धाव स्वयंपाकघरापासून शेवटच्या खाटेपर्यंत. पण तेवढ्याशा वाटेवर मी पुष्कळ पाहिले. त्यातली एक गोष्ट अशी आहे की ती सांगितल्याशिवाय माझ्या मनावरचे ओझे उतरायचे नाही. कारण त्या गोष्टीत दोष माझ्या अंगावर होता आणि बोल लागला दुसऱ्याच कुणाला.

माझा जन्म पत्र्याच्या एका कारखान्यात झाला. ज्या वेल्डरने मला जोडले त्याला घाईघाईने काम करणे ठाऊक नव्हते. जोडून झाल्यावर तो माझ्या प्रत्येक कडेवरून तळहात फिरवून बघत होता. मालकाने विचारले, "झाली ना रे? मग काय चाललंय?" तर म्हणाला, "म्हातारी माणसं हात लावणार आहेत हिला. धार राहता कामा नये." आणि पुन्हा कानस घेऊन बसला. तेव्हापासून आजतागायत माझ्यामुळे कुणाचे बोट कापले नाही, याचा मला अभिमान आहे. म्हणूनच पुढे जे झाले ते मला जास्त लागले.

मी आले ती वृद्धांच्या एका निवासात. दोन मजले, त्यांना जोडणारी एक लिफ्ट, सव्वीस खाटा, मधून लांबच लांब व्हरांडा, आणि व्हरांड्याच्या टोकाला जेवणाची खोली. ज्यांची मुले दूर आहेत किंवा ज्यांना एकट्याने राहणे झेपत नाही, अशी माणसे तिथे राहत. निवासाचा कारभार एक बाई बघत. त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत. कडक, पण कुणावर अन्याय होऊ न देणाऱ्या. रजा घेणे हा त्यांच्या मते एक आजारच होता. स्वयंपाकघरात एक आचारी होता. तो माणसांशी कमी आणि पातेल्यांशी जास्त बोलत असे.

आणि मला ढकलायला होत्या काकू.

काकू बावन्न-त्रेपन्न वर्षांच्या. त्यांच्याहून तीस वर्षांनी मोठी असलेली माणसेसुद्धा त्यांना काकूच म्हणत. कुणाला दात नाहीत, कुणाला मीठ वर्ज्य आहे, कोण रुसून जेवत नाही आणि कोण खरोखरच भूक नसल्यामुळे, हे सगळे त्यांच्या डोक्यात पक्के असे. चालता येणारी माणसे जेवणाच्या वेळी माझ्या दांड्याला धरून माझ्याबरोबर व्हरांड्यातून जेवणाच्या खोलीकडे निघत. काठीपेक्षा मी बरी, असे त्यांचे म्हणणे. थंडीत माझा दांडा गार पडे आणि त्यांची बोटे आखडत. म्हणून काकूंनी आपल्या थोरल्या भावाकडून, तो शिंपी होता, दांड्यासाठी जाड कापडाची मऊ गादी शिवून आणली. त्या दिवशी मला नवे कपडे मिळाल्यासारखे वाटले. म्हातारी माणसे गादीवरून हात फिरवून म्हणाली, "वा काकू, आता कसं हातात हात घेतल्यासारखं वाटतंय."

मित्रांनो, ती गादी लक्षात घ्या. ती मायेने शिवलेली होती. पण पत्रा पुसला जातो तसे कापड पुसले जात नाही, हे आमच्यापैकी कुणाच्याच ध्यानात आले नाही.

तीन हिवाळ्यांपूर्वी निवासात पहिल्यांदा उलट्यांची साथ आली. दोन दिवसांत निम्मे निवासी आडवे झाले. आचारी आडवा झाला. मोठ्या बाईही पोट धरून खुर्चीत बसल्या. उभ्या राहिल्या त्या एकट्या काकू. त्यांनी बादल्या उचलल्या, फरशा पुसल्या, पातळ भात शिजवला आणि मला ढकलत खाटेखाटेपाशी जाऊन चमच्याने पाणी पाजले. साथ ओसरल्यावर मोठ्या बाईंनी आभाराचे पत्र लिहून फलकावर लावले. "काकूंना काहीच कसं होत नाही," असे सगळे कौतुकाने म्हणत.

पुढच्या हिवाळ्यात साथ पुन्हा आली आणि काकू पुन्हा ठणठणीत राहिल्या. लोक तेच वाक्य बोलले, पण या वेळी त्यात कौतुकापेक्षा नवल जास्त होते. फलकावर पत्र लागले नाही.

तिसऱ्या हिवाळ्यात त्याच वाक्यामुळे काकूंवर घरी बसायची वेळ आली.

तो मंगळवार होता. सकाळच्या दुधाच्या वेळेला आठजण उठलेच नाहीत. त्यांत आमचे मास्तरही होते. मास्तर एक्याऐंशी वर्षांचे, शाळेत भूमिती शिकवून निवृत्त झालेले. अजूनही कुणी खाट तिरपी सरकवली तर, "हा काटकोन नाही," म्हणून सुनावणारे. त्यांची मूत्रपिंडे आधीच अशक्त होती. अंगातले पाणी गेले तसे ते वेड्यासारखे बोलू लागले आणि दुपारपर्यंत बोलायचेही थांबले. त्यांना सलाईन लावले गेले. संध्याकाळी त्यांचा मुलगा धावत आला. तो वाईट माणूस नव्हता, मित्रांनो. वडिलांना तसे पडलेले पाहून तो घाबरला होता, एवढेच.

मी व्हरांड्यात उभी होते. माझ्या शेजारीच तो मोठ्या बाईंशी बोलत होता.

"तीन वर्षं झाली बाई. तिन्ही वेळा माणसं आडवी आणि ही बाई मात्र उभी. तुम्हाला यात काहीच वावगं दिसत नाही?"

"त्या उभ्या होत्या म्हणून बाकीचे सावरले," मोठ्या बाई म्हणाल्या.

"की त्या उभ्या होत्या म्हणून बाकीचे आडवे झाले? अशी माणसं असतात. स्वतःला काही होत नाही आणि रोग घेऊन फिरतात. मी वाचलंय. त्या सगळ्यांच्या ताटात वाढतात. उद्या माझ्या वडिलांचं काही झालं तर मी कुणाला विचारायचं?"

काकू दोन पावलांवर होत्या. त्यांच्या हातात मास्तरांच्या खोलीतले घमेले होते. ते त्यांनी तसेच न्हाणीघराकडे नेले, धुतले, हात साबणाने कोपरापर्यंत धुतले आणि मगच परत आल्या.

बुधवारी सकाळी मोठ्या बाईंनी त्यांना स्वयंपाकघरात बोलावले.

"काकू, तपासणी होईपर्यंत तुम्ही काही दिवस घरीच राहा."

"मी काय केलं?"

"तुम्ही काही केलं असं मी म्हणत नाही."

"मग घरी का बसवताय?"

काकूंनी एप्रन काढून खिळ्याला अडकवला. दारापर्यंत गेल्या आणि तिथून वळून, जणू रोजच्यासारखेच बोलत असल्याप्रमाणे म्हणाल्या, "सात नंबरच्या आजींना पेला देऊ नका, हात कापतो त्यांचा, चमच्याने पाजा. अकरा नंबरचे काका उलटी झाली तरी सांगत नाहीत, चादर बघत जा. आणि मास्तरांचं तोंड झोपेत उघडं राहतं. ओठ कोरडे पडतात. ओल्या कापडाने पुसत जा."

आचारी पातेल्यात बघत उभा होता. त्या दिवशी तो पातेल्याशीही बोलला नाही.

त्यानंतर मला मोठ्या बाईंनी स्वतः ढकलायला घेतले. लोकांना वाटले, आता साथ थांबेल. ती थांबली नाही. गुरुवारी तिघे पडले, शनिवारी दोघे, रविवारी वरच्या मजल्यावरच्या एक आजी, ज्या खाटेवरून उठतही नव्हत्या. काकू घरी बसल्या होत्या आणि तरीही माणसे आजारी पडत होती. ही साधी गोष्ट व्हरांड्यात कुणी मोठ्याने बोलत नव्हते, पण प्रत्येकाच्या मनात ती होती.

गुरुवारीच शहराच्या आरोग्य खात्याकडून एक डॉक्टरीणबाई आल्या होत्या. वयाने लहान, चालीने भरभर, आणि प्रश्न विचारून उत्तर येईपर्यंत खरोखर थांबणाऱ्या. त्यांनी आजाऱ्यांच्या शौचाचे नमुने घेतले, काकूंच्या घरी माणूस पाठवून त्यांचाही घेतला, आणि फरशा, नळ, कड्या ब्लीचच्या पाण्याने पुसायला सांगितल्या. सगळे पुसले गेले. मी तेव्हा वरच्या मजल्यावर जेवण वाढत होते. माझ्या फळ्या नंतर कुणीतरी पुसल्या. गादीवर हाताला लावायचे ते वासाचे औषध, सॅनिटायझर, शिंपडले आणि झाले.

सोमवारी डॉक्टरीणबाई पुन्हा आल्या. या वेळी त्यांच्याजवळ निवासाचा नकाशा होता. कोण कोणत्या दिवशी पडले, त्याच्या तांबड्या खुणा केलेल्या. मास्तर आदल्या दिवशीच शुद्धीवर आले होते आणि उशीला टेकून पातळ भात खात होते. मी खाटेच्या पायथ्याशी उभी होते.

"मास्तर, एक विचारू? पहिल्या दिवशी जे आठजण पडले, ते सगळे चालतेफिरते. खाटेवरचे एकही नाही. एरवी अशक्त माणूस आधी पडतो. तुम्ही चालणारे आठजण वेगळं काय करता?"

मास्तरांनी नकाशा हातात घेतला. आकृती दिसल्याबरोबर त्यांच्या चेहऱ्यावर जरा रंग आला.

"जेवायला जेवणाच्या खोलीत जातो."

"कसे जाता?"

"कसे म्हणजे? हिचा हात धरून." त्यांनी चमच्याने माझ्याकडे दाखवले. "रोज तीन वेळा. खरं सांगू का, बायकोचा हातसुद्धा मी एवढा धरला नव्हता."

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्या उठून माझ्याजवळ आल्या, वाकल्या आणि त्या मऊ गादीकडे बघत राहिल्या. मग हातमोजे घातले. ओल्या बोळ्याने गादी पुसून बोळा नळीत बंद केला, शिवण उसवून गादी काढली आणि ती पिशवीत घालून पिशवीचे तोंड बांधले. मित्रांनो, सहा दिवस मी ज्या काकूंसाठी झुरत होते, त्यांच्यावरचा आळ माझ्याच अंगावरच्या गादीमुळे आला होता की काय?

मला मागच्या अंगणात नेऊन ब्लीचच्या पाण्याने घासले आणि उन्हात ठेवले. तिथेच थोड्या वेळाने काकूंना बोलावून घेतले. त्या मागच्या फाटकातून आल्या, पुढच्या दाराने नाही. डॉक्टरीणबाईंनी माझ्या शेजारी दोन स्टुले मांडली.

"काकू, उलट्या होऊन पडलात असं शेवटचं कधी आठवतं?"

"आठवत नाही."

"लहानपणी?"

"लहानपणी घरात सगळ्यांना व्हायचं. आई, बाबा, धाकटी बहीण. मी आणि दादा मात्र उंडारायचो. आई म्हणायची, या दोघांच्या पोटाला आतून पत्रा ठोकलाय. एकदा एका लग्नात दीडशे माणसं आजारी पडली. आम्ही दोघं शेवटच्या पंगतीला जेवलो होतो. काही झालं नाही."

"आणि तुमच्या मुलाबाळांना?"

"एकच मुलगी. ती बापडी दर वर्षी पडते." मग काकूंनी खाली बघत विचारले, "बाई, माझ्या अंगातच काही वाईट असेल का? जे मला दिसत नाही, पण दुसऱ्याला बाधतं?"

"असं का वाटतं तुम्हाला?"

"सगळे म्हणतात ते उगाच कसं म्हणतील? सहा दिवस मी घरात वेगळ्या ताटात जेवते. नात दोन वर्षांची आहे. ती धावत येते आणि मी दार लावून घेते. तिला वाटतं मी लपाछपी खेळते. दाराबाहेर बसून हसते ती."

डॉक्टरीणबाईंनी लगेच धीर दिला नाही. त्यांनी एक छोटी नळी पुढे केली. "यात थुंकी द्या. शुक्रवारी मी येईन. जे असेल ते सगळ्यांसमोर सांगेन. चांगलं असलं तरी, वाईट असलं तरी."

गादी गेल्यानंतर मंगळवारी एकजण पडला. बुधवारी कुणी नाही, गुरुवारी कुणी नाही.

शुक्रवारी जेवणाच्या खोलीत सगळे जमले. मास्तर चाकांच्या खुर्चीत, त्यांच्यामागे त्यांचा मुलगा. मोठ्या बाई ताठ बसलेल्या. आचारी दाराशी. काकूंना खुर्ची दिली तरी त्या बसल्या नाहीत. मला डॉक्टरीणबाईंनी मुद्दाम आत आणायला सांगितले होते.

"आधी काकूंचं," त्या म्हणाल्या. "त्यांच्या पोटात उलट्यांचा हा विषाणू नाही. नव्हता. तो सापडला आजाऱ्यांच्या नमुन्यात आणि या गाडीच्या दांड्यावरच्या गादीत."

काकूंनी भिंतीला हात टेकला. मोठ्या बाईंनी उठून खुर्ची त्यांच्यामागे सरकवली. तेव्हा त्या बसल्या.

मास्तरांचा मुलगा म्हणाला, "पण मग त्या कधीच आजारी का पडत नाहीत?"

"तेच सांगते. ही गाडी बघा. हिला दांडा नसता तर नीट ढकलता आली असती? विषाणूचंही तसंच आहे. आतड्यातल्या पेशीत शिरायला त्याला धरायला काहीतरी लागतं. बहुतेकांच्या आतड्याला आतून साखरेचे अगदी बारीक दांडे असतात. हा विषाणू त्यांना धरतो आणि आत शिरतो. ते दांडे बसवायचं काम एका जनुकाचं असतं. जनुक म्हणजे शरीराला मिळालेली एक सूचना. तिची एक प्रत आईकडून येते, एक वडिलांकडून. दोन्हींतली एक जरी चालू असली तरी दांडे बसतात. काकूंच्या दोन्ही प्रती बंद आहेत. त्यांच्या आतड्याला ते दांडेच नाहीत. थुंकीतूनही ते कळतं. विषाणू येतो, धरायला काही सापडत नाही, तसाच निघून जातो."

"म्हणजे आईबाबांच्या..." काकू म्हणाल्या.

"प्रत्येकाची एक प्रत चालू असणार, एक बंद. म्हणून ते पडायचे. तुमच्या आणि बहुतेक दादांच्याही वाट्याला दोघांच्याही बंद प्रती आल्या. मुलीला वडिलांकडून चालू प्रत मिळाली, म्हणून ती पडते."

आचाऱ्याने इतका वेळ रोखून धरलेले शेवटी बोलून टाकले. "म्हणजे काकूंच्यात एक बिघाड आहे आणि त्या बिघाडामुळे त्या धडधाकट आहेत?"

"अगदी तसंच."

"माझ्यात एवढे बिघाड आहेत. एकही कामाचा निघाला नाही."

सगळे हसले. काकूही हसल्या, पण त्यांचे डोळे भरून आले होते.

"आणखी एक," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हे वरदान समजू नका. याच विषाणूचे काही भाऊबंद दुसरंच काही धरून आत शिरतात. ते बदलत राहतात. शरीर दार बंद करतं, ते खिडकी शोधतात. आणि हातांवरून तर तो कुणाच्याही जाऊ शकतो, काकूंच्यासुद्धा. वासाच्या औषधाने तो नीट मरत नाही. साबण आणि वाहतं पाणी."

"ते मी करतेच," काकू म्हणाल्या.

"ठाऊक आहे मला. तुमच्या हाताच्या भेगा सांगतात. आता राहिला प्रश्न तो गादीत आला कुठून. साथ मंगळवारी दिसली, म्हणजे तो आला एक-दोन दिवस आधी. रविवारी काकूंची सुट्टी होती. त्या दिवशी गाडी कुणी ढकलली?"

मला उत्तर ठाऊक होते, पण मला वाचा नाही. मग मोठ्या बाई उभ्या राहिल्या.

"मी. शुक्रवारी बहिणीकडे गेले होते. तिच्या लहान मुलीला उलट्या होत होत्या, मी तिला मांडीवर घेतलं होतं. शनिवारी रात्री माझं पोट बिघडलं. सकाळी बरं वाटलं. दमणुकीने झालं असेल म्हणून मी कामावर आले, कुणाला सांगितलं नाही." त्या काकूंकडे वळल्या. "मी आजारी असताना कामावर आले आणि तुम्ही धडधाकट असताना तुम्हाला घरी पाठवलं. माझं चुकलं, काकू."

काकू खुर्चीत त्यांच्याकडे वळून बसल्या. मग म्हणाल्या, "तुम्ही मुद्दाम आणलं नाहीत. पण मला विचारायला हवं होतं. नुसतं घरी बसवायला नको होतं."

"हो."

"आता विचारलंत तर मी येईन."

"याल का?"

"सोमवारपासून. आज मला घरी जायचंय. नातीला भरवायचंय."

मास्तरांचा मुलगा पुढे आला. माफीसाठी त्याने हात जोडले. काकूंनीच त्याची सुटका केली. "वडिलांचे ओठ पुसत होतात का?" त्या म्हणाल्या. तो म्हणाला, "हो, ओल्या कापडाने. तुम्ही सांगितलं होतं म्हणे." "मग झालं तर," काकू म्हणाल्या. मास्तरांनी मागे न बघताच मुलाच्या हातावर थोपटले.

जाण्यापूर्वी डॉक्टरीणबाईंनी काकूंना एक कागद दाखवला. त्यांचा आणि दादांचा नमुना अभ्यासासाठी ठेवायचा होता. आजारी माणसाकडून रोग कळतो आणि न पडलेल्याकडून कधी कधी त्याला अडवायची वाट सापडते, असे त्या म्हणाल्या. पण काकूंची मर्जी असेल तरच.

"माझं नाव लागेल?"

"नाही. नुसता नंबर."

"मग जरा बरासा नंबर द्या," म्हणून काकूंनी सही केली.

मला भंगारात काढावे असे कुणीतरी सुचवले होते. काकू म्हणाल्या, "गाडीचा काय दोष? तिला आम्ही नेसवलं तेच तिने अंगावर ठेवलं." आता माझा दांडा उघडा आहे. थंडीत म्हातारी माणसे जरा कुरकुरतात, पण प्रत्येक फेरीनंतर मला साबणाने धुतात. दाराशी एक पाटीही लागली आहे. पोट बिघडले असेल तर कामावर येऊ नका, बरे वाटल्यावर आणखी दोन दिवस थांबा. खाली पहिली सही मोठ्या बाईंची.

पुढच्या हिवाळ्यात काय झाले ते सांगून थांबते. जानेवारीत एका सकाळी काकू मला ढकलता ढकलता व्हरांड्याच्या मध्यावर थांबल्या, पांढऱ्याफटक झाल्या आणि न्हाणीघराकडे पळाल्या. विषाणूच्या कुठल्याशा भाऊबंदाला खिडकी सापडली होती. मोठ्या बाईंनी त्यांना कोपऱ्यातल्या मोकळ्या खोलीत झोपवले, त्यांच्या घरी निरोप धाडला आणि दोन दिवस स्वतः तिथे बसल्या. सूप नेले ते मी. साबणाने धुतलेल्या दांड्याने, धुतलेल्या हातांनी ढकललेली मी. चमचा मोठ्या बाईंच्या हातात होता.

"एवढं होतं होय तुम्हाला?" काकू पडल्या पडल्या म्हणाल्या. "मला वाटायचं, तुम्ही जरा जास्तच कण्हता."

"आता कळलं ना?"

"कळलं. पुढच्या वेळी चमचा जरा हळू पुढे करीन."

त्या वर्षी काकूंखेरीज एकच माणूस आजारी पडला. साथ तिथेच संपली. मास्तर त्या दिवशी काठी टेकत खोलीच्या दारापर्यंत आले होते आणि आत न जाता बाहेरूनच काकूंची चौकशी करून गेले.

मित्रांनो, आजारी पडलेल्या माणसाचा राग करू नका आणि न पडलेल्याचा संशय घेऊ नका. आधी त्याला विचारा. त्याला ठाऊक नसेल तर दोघे मिळून शोधा. आणि माझ्यासारख्या मुक्या वस्तू, दांडे, कड्या, नळ, कठडे, यांच्याकडेही जरा लक्ष असू द्या. आमच्या मनात वाईट काही नसते, पण अंगावर काय येऊन बसले ते आम्हाला सांगता येत नाही. तेवढे तुम्ही बघा. बाकी ओझे वाहायला मी अजून तयार आहे.